जायला अकरा, यायला साडेनऊ

मीटरकाकांचा एकाही आकड्यावर विश्वास नव्हता. डॉक्टरांनी रक्तदाब मोजून सांगितला, की हे शर्टाची बाही खाली करत विचारायचे, "हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलं होतं?" गॅसची टाकी घरी आली की ती आधी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढायची आणि मग स्वयंपाकघरात जायची. ताप आला तर दोन थर्मामीटर, एक उजव्या काखेत, एक डाव्या. दोन्हींत फरक पडला, की ताप बाजूला राहायचा आणि काका थर्मामीटरच्या मागे लागायचे. संशयाला औषध नाही, असं शेजारपाजारचे म्हणायचे. असलंच तर त्याची बाटली आधी मोजून घ्या, असं काकांचं उत्तर तयार असायचं.

याला कारण त्यांची नोकरी. उभी हयात त्यांनी टॅक्सीचे मीटर तपासण्यात घालवली. वाहन खात्याच्या कचेरीमागे एक सरळसोट रस्ता होता, त्यावर बरोबर एक किलोमीटर अंतरावर दोन पांढरे पट्टे मारलेले. टॅक्सी पहिल्या पट्ट्यावर उभी करायची, काकांनी ड्रायव्हरशेजारी बसायचं, मीटर टाकायचं आणि दुसऱ्या पट्ट्यापर्यंत जायचं. मीटरनं एक किलोमीटर दाखवला, की काका पक्कड काढून तारेवर शिशाचं सील दाबायचे. नाही दाखवला, तर गाडी आल्या पावली परत. काम साधं होतं. पण त्या साध्या कामात माणूस किती वाकडं चालू शकतो, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तपासणीला नवेकोरे टायर घालून यायचे आणि सील मिळालं की पुढच्याच गल्लीत झिजलेले चढवायचे. झिजलेलं चाक लहान, लहान चाक जास्त फेरे घेतं, आणि मीटर मोजतं ते फेरे. म्हणजे गिऱ्हाईक जातं तेवढंच, पण कागदोपत्री लांब जातं; अशा मीटरला खात्यात 'फास्ट' म्हणत. काही जण एवढेही कष्ट घेत नसत. नवखा माणूस गाडीत बसला, की त्याला शहरभर हिंडवून मागच्या गल्लीत नेऊन उतरवायचं आणि वर म्हणायचं, "रस्ता बंद होता, साहेब." काकांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की खरोखर बंद असलेल्या रस्त्यापाशीही ते गाडीतून उतरून खात्री करून यायचे.

निवृत्तीच्या दिवशी पक्कड खात्यात जमा झाली आणि संशय तेवढा घरी आला. त्याला सोबत घेऊन काका दिवसभर खिडकीतल्या खुर्चीत बसायचे.

घरात आता दोघंच, ते आणि काकू. एकुलती एक लेक, चिंगी, शिकून सवरून फार लांबच्या एका शहरात गेली होती, तिथंच नोकरीला लागली होती, तिथंच तिनं लग्न केलं होतं. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. बाळंतपणाला काकू गेल्या, तीन महिने राहिल्या. काका गेले नाहीत. का, तर प्रवास. चिंगीनं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, की पोचायला दोन दिवस लागतात, तीन विमानं बदलावी लागतात आणि मधे एका ठिकाणी सात तास लोखंडी बाकावर ताटकळावं लागतं. काकांची कंबर टॅक्सीच्या पुढच्या सीटवर कामातून गेली होती. तासभर एका जागी बसले, तर उठताना टेबल धरावं लागायचं.

"तुमच्यानं नाही व्हायचं, बाबा," चिंगी म्हणाली.

"नाहीच व्हायचं," काकूंनी री ओढली.

काकांना ते पटलं. कंबर स्वतःचीच होती, तिच्यावर संशय घेता येत नव्हता. काकू गेल्या. पोचल्याचा फोन तिसऱ्या दिवशी आला, तोवर काकांनी फोनपाशी बसूनच दोन्ही वेळचं जेवण केलं.

तीन महिन्यांनी काकू परत आल्या तेव्हा काका विमानतळावर घ्यायला गेले होते. दोन दिवसांच्या प्रवासानं बाई चुरगळलेली असेल असं त्यांना वाटलं होतं, तर ही आपली तरतरीत, डोक्यावरचा केसही इकडचा तिकडे नाही. पिशवीत चिंगीनं घरी भाजलेल्या पावाचा अर्धा तुकडा होता. घरी आल्यावर काकांनी तो बोटानं दाबून पाहिला.

"दोन दिवसांचा पाव असा मऊ?"

"तिकडचं पीठ वेगळं असतं," काकू म्हणाल्या आणि आंघोळीला निघून गेल्या.

काकांनी मान डोलावली. तिकडचे लोक पिठात काहीतरी मिसळतात, एवढं त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

आता ते पोरगं वर्षाचं झालं होतं. भिंतीला धरून उभं राहत होतं. दर रविवारी दुपारी फोन यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असायची. चिंगी आईशी पोटभर बोलायची, मग फोन काकांकडे यायचा. "तब्येत बरी? गोळ्या घेता ना?" एवढं विचारून ती फोन पोराच्या तोंडासमोर धरायची. पोरगं फोन चाटायचं. काकांना वाटायचं, कामात असेल बिचारी, म्हणून थोडक्यात आटपते. पण नातवाला पाहून त्यांच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. फोनमध्ये तो केवढा आहे तेच कळत नव्हतं. कधी टमाट्याएवढं तोंड दिसायचं, कधी नुसता पाय. त्यांना तो मांडीवर हवा होता, वजन कळेल असा. म्हातारपणी त्यांना दुसरं काही नको होतं, आणि हे ते काकूंना दिवसातून दोनदा सांगायचे. काकू म्हणायच्या, "बघू."

अशात एके दिवशी बँकेतून येताना काका एका प्रवास कंपनीच्या काचेसमोर थांबले. काचेवर जगाचा मोठा नकाशा होता आणि आपल्या शहरातून निघालेल्या विमानांच्या लाल रेघा त्यावर काढल्या होत्या. काकांनी चिंगीचं शहर शोधलं. तिकडे जाणारी रेघ नाकासमोर जायची सोडून वर चढली होती, पार नकाशाच्या डोक्यापर्यंत, आणि मग खाली उतरली होती. काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, जे कधीकाळी झिजलेला टायर सापडल्यावर यायचं.

घरी येऊन त्यांनी कपाटामागे गुंडाळून ठेवलेला चिंगीचा शाळेतला नकाशा काढला, जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले आणि शिवणाचा दोरा घेऊन गुडघ्यांवर बसले.

"काय चाललंय?" काकूंनी विचारलं.

"तुला फिरवून नेलं."

"कुणी?"

"विमानवाल्यांनी. हे बघ, सरळ इथून इथे. आणि हे लोक नेतात असं, वरून. 'रस्ता बंद होता, साहेब!' आभाळात कसला गं रस्ता बंद? म्हणून दोन दिवस लागतात. सरळ नेलं तर एक दिवसही लागायचा नाही. मग माझी कंबरही तेवढं सोसेल."

काकूंच्या हातातून पातेल्यावरचं झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. "असू दे ना," त्या म्हणाल्या. "पोचले ना मी सुखरूप? कशाला नसत्या भानगडीत पडता?"

एरवी असं झाकण पडलं असतं तर काकांनी ते का पडलं याची चौकशी बसवली असती. पण त्या वेळी ते समुद्र मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोरा खिशात घालून प्रवास कंपनीत हजर झाले. काउंटरवर चाळिशीची एक बाई चहा पीत होती.

"हे असं वरून का नेता?" काकांनी विचारलं.

"काय, काका?"

"विमान. सरळ रस्ता असताना हा एवढा वळसा कशाला? गिऱ्हाईक नवखं आहे म्हणून?"

बाईंनी चहा खाली ठेवला. असा एखादा माणूस त्यांना आठवड्यातून भेटत असावा, कारण त्या चिडल्या नाहीत. मागच्या फडताळावरून त्यांनी पृथ्वीचा गोल काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिकिटांच्या गठ्ठ्याला लावलेलं रबर काढलं. रबराचं एक टोक आपल्या शहरावर दाबलं, दुसरं चिंगीच्या शहरावर. "आता बघा हं," म्हणून त्यांनी मधलं रबर सोडलं. ते आपसूक घसरून वरच्या अंगाला गेलं आणि तिथे ताठ बसलं.

"सर्वांत जवळचा रस्ता हाच आहे. रबराला काही कुणी शिकवलेलं नाही."

"गोळा कुणी बनवला?"

"दुकानात मिळतो, काका."

"तपासलेला आहे?"

बाई हसल्या. काकांनी आपला दोरा काढला, एकदा नकाशातल्यासारखा आडवा लावून बघितला, एकदा वरून. वरून कमी भरला. त्यांनी उलट दिशेनं लावला, तरी कमी. मग ते समोरच्या खुर्चीत टेकले.

"म्हणजे सपाट नकाशा खोटा?"

"गोल वस्तू सपाट करायची म्हटली की कुठेतरी ताणावीच लागते ना. वरचा भाग ताणलेला असतो."

"म्हणजे नकाशा फास्ट आहे," काका म्हणाले. एवढी वर्षं शाळांच्या भिंतींवर एक फास्ट मीटर राजरोस टांगलेलं होतं आणि त्याला कुणी सील मारतं का, हेही कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना खरोखरच धक्का बसला.

बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "नऊ हजार किलोमीटरच्या थोडं वर. जायला अकरा तास, यायला साडेनऊ."

काका खुर्चीतून निम्मे उठले. "सापडलं! विमान तेच, रस्ता तोच, मग दीड तास गेला कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय."

"वारा, काका. वर एवढ्या उंचीवर पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. सायकलवर नाही का होत?"

सायकलवर होत होतं. काका परत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका बैठकीत दोन गोष्टी मान्य केल्या होत्या आणि त्यांना जरा थकल्यासारखं वाटत होतं. आणि तेव्हा कुठे, उशिरानं, मघाचा आकडा त्यांच्या कानातून डोक्यात उतरला.

"अकरा काय म्हणालात?"

"तास."

"पहिल्या विमानाचे?"

"पहिलं-दुसरं काही नाही. एकच विमान. इथे बसायचं, तिथे उतरायचं."

"माझ्या बायकोला दोन दिवस लागले. तीन विमानं."

"स्वस्तातलं तिकीट असेल तर एकदा बदलावं लागतं, वीसेक तास होतात. पण तीन विमानं आणि दोन दिवस?" बाई पुन्हा चहाकडे वळल्या. "असं तिकीट शोधून काढायलाच दोन दिवस लागतील, काका."

काकांनी दोरा बोटाला गुंडाळला, खिशात ठेवला आणि ते बाहेर पडले.

वाटेत त्यांना एकेक गोष्ट आठवत गेली. मऊ पाव. डोक्यावरचा न विसकटलेला केस. पोचल्याचा तिसऱ्या दिवशीचा फोन. काकूंच्या सामानाला कुठून कुठे ते लिहिलेली विमानतळाची एकही पट्टी नव्हती, तेव्हा काकांना वाटलं होतं की हमालांनी चोरली. इतक्या वर्षांत शहरातल्या एकाही ड्रायव्हरनं त्यांना गंडवलं नव्हतं, आणि गंडवलं कुणी, तर जिला वीजबिल भरतानाही घाम फुटतो त्या बाईनं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काका पीठ, हमाल आणि आभाळ तपासत बसले होते.

काकू इस्त्री करत होत्या. काका समोर बसले. खात्यातली त्यांची एक पद्धत होती, की मोठी गोष्ट विचारायची नाही, बारीक विचारायची. मोठ्या गोष्टीचं उत्तर चोर पाठ करून आलेला असतो.

"तो बाक कुठल्या रंगाचा होता?"

"कुठला?"

"लोखंडी. सात तास बसलीस तो."

"निळा," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "राखाडी असेल."

काकूंनी बाहीवरून इस्त्री फिरवली, परत फिरवली, त्याच बाहीवरून तिसऱ्यांदा फिरवली, आणि मग इस्त्री उभी करून ठेवली.

"एकच विमान होतं," त्या म्हणाल्या. "जेवले, झोपले, उठले तर आलं होतं. पट्ट्या मीच फाडल्या, इथल्या विमानतळाच्या संडासात. आणि पोचल्याचा फोन आम्ही थांबून केला. मी तिथे बसून होते, पोराला घेऊन, आणि तुम्ही इथे फोनपाशी बसला असाल हे मला ठाऊक होतं. बोला आता काय बोलायचं ते."

"का?"

"तिनं सांगितलं म्हणून."

"पण का?"

काकू टेबलाच्या कडेवर बसल्या. "तुम्हाला तिची स्कूटर आठवते?"

आठवत नसायला काय झालं? कॉलेजला जायला त्यांनीच घेऊन दिली होती. कॉलेज घरापासून सात किलोमीटर. रोज संध्याकाळी चिंगी आली, की काका खाली जाऊन स्कूटरवरचा आकडा बघायचे. चौदानं वाढला असेल तर ठीक. सोळानं वाढला असेल तर वर येऊन विचारायचे, "दोन कुठे गेले?" त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. वाहन म्हटलं की आकडा बघायचा, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण होतं.

"एकदा चार जास्त निघाले," काकू म्हणाल्या. "तिनं सांगितलं, मैत्रिणीला ताप होता, तिला घरी सोडलं. तुम्ही काय केलंत? सकाळी उठून त्या मैत्रिणीच्या घरी गेलात. तिच्या वडिलांना दारात उभं करून विचारलंत, काल ही तुमच्याकडे किती वाजता आली होती, किती वाजता गेली. ताप खरंच होता का तेही विचारलंत. त्या माणसानं त्याच्या पोरीला आपल्या चिंगीशी बोलायला बंदी केली. एकच तर मैत्रीण होती तिला. दुसऱ्या दिवसापासून चिंगी स्कूटर घरी ठेवून चालत जायला लागली. मी म्हटलं, अगं सात किलोमीटर! तर म्हणाली, पायाला मीटर नसतं, आई."

"मला काळजी होती," काका म्हणाले.

"असेल. मी नाही म्हणत नाही. पण तिला ती झडती वाटायची. नोकऱ्या तिला जवळही मिळत होत्या. तिनं सर्वांत लांबची घेतली. हे तुम्हाला कधी दिसलं नाही?"

काकांना ते दिसलं नव्हतं. पगार चांगला म्हणून गेली, असंच ते सगळ्यांना सांगत आले होते.

"तिला माझी भीती वाटते?"

"आता कसली भीती? तिला नकोय, एवढंच. तिच्या घरात तिला कुणी मोजणारं नकोय. मला म्हणाली, आई, 'बाबा, येऊ नका' असं माझ्या तोंडून निघत नाही गं, ते बाप आहेत माझे. तू आपलं लांब आहे म्हणून सांग."

काका उठले. उठताना त्यांनी टेबल धरलं नाही, रागात कंबरही विसरली होती. "म्हणजे सगळ्यांनी मिळून मला खुळ्यात काढलंत," ते म्हणाले आणि आत जाऊन पलंगावर पडले.

पुढचे काही दिवस घरात कुणाची बोलायची सोय नव्हती. जिनं दोन दिवस खोटे सांगितले तिचं बाकीचं तरी खरं कशावरून? काकूंची गुडघेदुखी खरी का? बहिणीकडे जाते ती बहिणीकडेच जाते का? लग्नाआधी आपण पसंत आहोत असं म्हणाली होती, ते? काका चहाचा कपही नाकाशी नेऊन हुंगायला लागले. काकूंनी ते पाहिलं आणि एकदा स्पष्टच म्हणाल्या, "विष घालायचं असतं तर इतकी वर्षं थांबले असते का?" त्यावर काकांना हसू आलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

राग होताच. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि राग ओसरायला लागला तसं ते वर आलं. त्यांना लाज वाटत होती. लेक आपल्याला चुकवण्यासाठी उन्हातान्हात सात किलोमीटर चालत होती, आणि आपण रोज संध्याकाळी खाली जाऊन न वाढलेला आकडा बघून खूश होत होतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

तरी सवय ती सवय. रविवार जवळ आला तसा जुना तपासनीस उठून बसला. एकदा तरी तिला तोंडावर पकडायचं, असं त्यांनी ठरवलं. किती तास, कुठला विमानतळ, कुठला बाक. बारीक बारीक विचारायचं. काकूंना ते चेहऱ्यावरून कळलं.

"मी तिला काही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण एक ऐका. तुम्ही आज तिला पकडाल. तुम्ही पकडणारच, तेवढं येतं तुम्हाला. मग ती रविवारचा फोनही बंद करेल, आणि पोरगं आत्ता दिसतंय तेवढंही दिसायचं नाही. काय ते ठरवा."

दुपारी फोन वाजला. काकूंनी उचलायच्या आत काकांनी तो उचलला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग चिंगी.

"बाबा? आई कुठेय?"

"आहे इथेच. मला तुझ्याशी बोलायचंय. मी म्हणतोय, एकदा येऊन जावं तिकडे. पोराला बघावं. प्रवास कसा असतो?"

चिंगीनं केस कानामागे सारले. "मी सांगितलं होतं ना, बाबा. दोन दिवस जातात. आधी एक विमान, मग उतरायचं, मग दुसरं…" ती थांबली. "मधे सहा तास बसावं लागतं. मग तिसरं."

मागच्या वेळी सात होते. काकांच्या कानांनी तो एक तास अचूक टिपला. प्रश्न जिभेवर येऊन उभा राहिला, अगदी बारीक, धारदार, पूर्वी ड्रायव्हरची बोबडी वळवणारा. पडद्यावर चिंगी त्यांच्याकडे बघत होती, आणि काकांनी पहिल्यांदाच तिच्या शब्दांकडे न बघता तिच्या तोंडाकडे पाहिलं. चांगली तिशी ओलांडलेली बाई, स्वतःच्या घरात, कडेवर पोर, आणि तरी ती उभी होती ती पुढचा प्रश्न कुठून येतो याची वाट बघत. तिच्याइतकं सावध त्यांच्या तपासणीच्या रस्त्यावर कुणी उभं राहिलं नव्हतं.

"लांबच आहे गं," काका म्हणाले. "फार लांब. नाही झेपायचं मला."

चिंगीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," ते पुढे म्हणाले. "मी आपलं उगीच विचारलं. पोराला जप. तूही जप."

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"छान आहे मी."

"मग काही विचारायचं नाही? कुठलं विमान, कुठे थांबतं…"

"नाही. तू सांगितलंस ना, झालं तर मग."

पोरगं फोनकडे झेपावलं, चिंगीनं त्याचा हात धरून बाजूला केला. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. काकांना वाटलं आता ती ठेवून देईल.

"बाबा," ती म्हणाली, "एक थेट विमानही असतं. अकरा तासांचं." आणि घाईघाईनं म्हणाली, "नवीनच सुरू झालंय."

"कधीपासून?" हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"असं होय?" ते म्हणाले. "मला ठाऊकच नव्हतं."